कुठेच न जाणारे बायकर

एका जंगलात, बाळांनो, फटफट्या फार होत्या.

त्या तिथे कशा आल्या, हे विचारू नका. गोष्टीतल्या सिंहाची आयाळ कोण विंचरतं, हे तुम्ही कधी विचारलंत का? मग फटफट्यांचंही विचारू नका. होत्या. सकाळी दव पडायचं, आणि थोड्या वेळाने फटफट सुरू व्हायची.

भिकोबा अस्वल फटफटीवरून मध पोचवायचा. म्हणून तो मधवाला. सर्जेराव रानडुक्कर कंद पोचवायचा. म्हणून तो कंदवाला. एक वानर चष्मे पोचवायचा, बहुतेक घुबडांना. तो चष्मेवाला. फटफटीवर बसणाऱ्या सगळ्यांना मिळून असा एक शब्द जंगलात नव्हता. कधी लागलाच नव्हता. नाकाने श्वास घेणाऱ्यांना तरी कुठे वेगळा शब्द असतो?

शब्द नव्हता, पण एक रीत होती. फटफटीवरची पुढची जागा ज्याची फटफटी त्याची. मागची जागा वाटेची. वाटेत कुणी पंजा वर केला की थांबायचं. कोण, कुठले, कशासाठी, हे विचारायचं नाही. म्हणायचं, "धरून बसा." मागे बसणाऱ्याने मधाचं मडकं मांडीवर धरायचं आणि चार गावच्या बातम्या सांगायच्या. एवढ्यात दोघांचं भागायचं.

या रीतीवर साळूआत्याचं सगळं चालायचं.

साळूआत्या साळिंदरीण होती. जंगलातली एकुलती एक सुईण. पाय आखूड, अंग जड, आणि बिळं दहा दिशांना. आज सशांकडे, उद्या कोल्ह्यांकडे, परवा दोन्हीकडे एकदम. चालत गेली असती तर पोरं तिची वाट बघून आपापली बाहेर आली असती.

तिला मागे बसवणं मात्र सोपं नव्हतं. खड्डा आला की ती दचकायची. दचकली की काटे उभे राहायचे. त्यामुळे तिला नेणारा पाठीला गोणपाट बांधायचा आणि खड्डा दिसला की आधीच ओरडायचा, "आत्या, खड्डा." आत्या डोळे मिटून दम धरायची. तरी दोनचार काटे लागायचेच. मग संध्याकाळी भिकोबा बायकोकडून काटे काढून घेत पडलेला असायचा.

"आज कुणाकडं काय झालं?" बायको विचारायची.

"खारीकडं तीन."

"आणि तुझ्याकडं सहा," ती म्हणायची आणि सहावा काटा उपटायची.

असं ते जंगल होतं. मागासलेलं, पण ते त्याला ठाऊक नव्हतं. ते सांगायला रत्नाकर मुंगूस यावा लागला.

रत्नाकर सात नद्यांपलीकडे शिकायला गेला होता. शिकला आणि परत आला. बाळांनो, तो वाईट नव्हता बरं. त्याचं जंगलावर खरं प्रेम होतं. आपलं जंगल मागे पडलंय या विचाराने त्याला जेवण जायचं नाही. तो आला तेव्हा त्याच्या अंगात कातड्याचं काळं जाकीट होतं. ते कुणाच्या कातड्याचं, हे कुणी विचारलं नाही. हरणं मात्र जरा लांब उभी राहिली.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने वडाखाली व्याख्यान ठेवलं. फांदीला एक मोठा नकाशा टांगला.

"मित्रहो," तो म्हणाला, "इथून फार लांब, धुक्याच्या बेटावर, एक शब्द जन्माला आला. बायकर. फटफटीवर बसतो तो बायकर. सुरुवातीला तो उनाडांसाठी होता. बायकर दिसले की आया पिल्लांना बिळात ओढायच्या. मग तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी फटफट्या घेतल्या आणि शब्दाला प्रतिष्ठा आली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दातांच्या डॉक्टरांबद्दल जंगलात आदर होता.

रत्नाकरने काठीने नकाशावर एकेक जंगल दाखवायला सुरुवात केली.

"हे ओक वृक्षांचं जंगल. इथं फटफटीवर बसणाऱ्याला सव्वा हात लांबीचा शब्द होता. तो म्हणून होईपर्यंत फटफटी निघून जायची. त्यांनी बायकर घेतला. हे बर्फाचं जंगल. इथं प्रत्येक नावाला शेपटी लावावी लागते. एकाला वेगळी, अनेकांना वेगळी, हाक मारताना आणखी वेगळी. बायकरला पंधरा शेपट्या लागल्या. तरी तो दमला नाही. हे जैतुणांचं जंगल. इथं जुना शब्द होता. अर्धा घोडा, अर्धा स्वार, असा काहीसा. फार देखणा. आता तो फक्त म्हातारी गाढवं वापरतात, तीही आपापसात."

"आणि ते कोपऱ्यातलं?" सर्जेरावने विचारलं.

"ते द्राक्षांचं जंगल. तिथं विद्वानांची सभा आहे. सभेनं ठरवलं, परका शब्द नको. मग झाडाझाडावर पाट्या लावल्या, 'बायकर म्हणू नये.' तोवर तिथं तो शब्द कुणाला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सगळे म्हणू लागले." रत्नाकरने काठी नकाशाभर फिरवली. "तेवीस जंगलं, मित्रहो. तेवीस भाषा, आणि एक शब्द. आणि आपल्याकडं? हे भिकोबा. आयुष्यभर फटफटीवर बसले. यांना आपण काय म्हणतो?"

"मधवाला," सगळे म्हणाले.

"पाहा," रत्नाकर म्हणाला.

भिकोबाने मान खाली घातली. तोवर त्याला वाटायचं, मधवाला म्हणजे काहीतरी बरं असतं.

मागच्या रांगेत साळूआत्याने पंजा वर केला. "रत्नाकर, त्या तेवीस जंगलांत मागं कोण बसतं?"

"प्रश्न शेवटी घेऊ, आत्या."

शेवटी वेळ संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिकोबा रत्नाकरच्या बिळापुढे उभा होता. "मला बायकर होता येईल का?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही आहातच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. फक्त शब्द पोचायचा राहिला होता."

भिकोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या देहाला आजवर कुणी 'तू पहिल्यापासून काहीतरी आहेस' असं म्हटलं नव्हतं. "मग आता मी काय करू?"

"आज कुठं निघालाय?"

"घोरपडीकडं. मध द्यायला."

"मग नाही," रत्नाकर प्रेमाने म्हणाला. "घोरपडीकडं जातो तो मधवाला. बायकर कुठंच जात नाही. तो नुसता जातो."

आता नुसतं जायचं, हे त्या जंगलाला काही केल्या जमेना.

भिकोबा नुसता म्हणून निघाला आणि घोरपडीच्या दारात पोचला. तिने चहा ठेवला आणि मध कुठाय म्हणून विचारलं. सर्जेराव नुसता म्हणून निघाला, तर फटफटी सवयीने सासुरवाडीच्या वळणाला वळली. तिथे त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. चष्मेवाला वानर डोळे मिटून निघाला, तो तीन घुबडांनी दुरुस्तीला दिलेले चष्मे मागितले. जंगलातली प्रत्येक वाट कुणाच्या ना कुणाच्या दारात जाऊन संपत होती. पूर्वजांनी वाटा तशाच पाडल्या होत्या. त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं.

रत्नाकरने समिती नेमली. समितीने महिनाभर हिंडून बाभूळबनाच्याही पलीकडे एक उजाड माळ शोधला. तिथे कुणी राहत नव्हतं. कुणाचं काही काम नव्हतं. माळावर पाटी लावली, 'कुठेच नाही'. चुकू नये म्हणून वाटेवर दगड रोवले. 'कुठेच नाही, नऊ कोस.' 'कुठेच नाही, आठ कोस.'

मग रविवार ठरला. जंगलात तोवर रविवार नव्हता. तोही रत्नाकरनेच आणला.

सोळा जण बायकर झाले. नियम फार नव्हते. मडकी, पोती, पिशव्या काढायच्या. हेल्मेट घालायचं. मागची सीट उपटून टाकायची. ती दिसली की वाटेवरच्यांना उगाच आशा वाटते, असं रत्नाकरचं म्हणणं होतं. आणि एक शेवटचा, सगळ्यांना आवडलेला नियम. बायकरला बायकर भेटला की थांबायचं नाही. पंजा वर करायचा. त्यानेही करायचा. तेवीस जंगलांत असंच करतात.

पहिला रविवार, दुसरा रविवार. फटफट व्हायची, धुरळा उडायचा, सोळा जण 'कुठेच नाही'ला पोचायचे, पाटीजवळ उभे राहायचे आणि एकमेकांकडे बघायचे. फार छान वाटायचं. काय छान वाटतंय ते कळायचं नाही. रत्नाकर म्हणायचा, तेच ते.

पुढे रविवार पुरेना. मग बायकर रोज निघू लागले.

अशा एका सकाळी एक ससा धापा टाकत साळूआत्याकडे आला. त्याचं बिऱ्हाड बाभूळबनात होतं, आठ कोसांवर. "आत्या, आमची जाई कळा देतेय. आजच होणार म्हणते."

"तू पुढं हो. पाणी तापव. मी कुणाच्या तरी मागं बसून येतेच."

ससा टणटण उड्या मारत गेला. आत्याने गाठोडं उचललं आणि वाटेवर येऊन उभी राहिली.

लांबून फटफट ऐकू आली. पुढे भिकोबा होता. आत्याने पंजा वर केला.

भिकोबाला गहिवरून आलं. आत्यासुद्धा शिकली म्हणायची. त्यानेही पंजा उंच, अगदी उंच केला आणि धुरळा उडवत निघून गेला.

त्याच्यामागे सर्जेराव. आत्याने पंजा वर केला. सर्जेरावने केला. मग वानर. मग एक तरस. एकेक करून सोळाही जण गेले. प्रत्येकाने पंजा वर केला. एकानेही टाळाटाळ केली नाही. आत्या ओरडत होती, पण हेल्मेटं चांगल्या प्रतीची होती.

धुरळा खाली बसला. आत्याने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली.

ती पोचली तेव्हा सूर्य बाभळींच्या मागे गेला होता. जाई बिळात भिंतीला टेकून बसली होती. सात पिल्लं झाली होती. सहा हलत होती.

"त्याच्या मानेभोवती नाळ होती," ससा म्हणाला. "मला सोडवायला जमेना, आत्या."

आत्याने हात धुतले आणि जे करायचं उरलं होतं ते केलं.

दोन दिवसांनी भिकोबा आत्याला भेटायला आला. पायी आला. फटफटीवरून कुणाकडे जाणं आता नियमात बसत नव्हतं.

"आत्या, तुम्ही पंजा वर केलात. मीही केला."

"केलास."

"मला वाटलं, तुम्ही पण."

"गाठोडं घेऊन?"

भिकोबा म्हणाला, "गाठोडं दिसलं मला. खोटं कशाला बोलू? थांबलोही असतो. पण मागनं पंधरा जण येत होते. मी कुणाला तरी कुठंतरी नेताना दिसलो असतो, तर पुन्हा मधवाला झालो असतो."

"तू झालास ना भिक्या, तेव्हा पायाळू होतास," आत्या म्हणाली. "तुला सोडवायला दोन प्रहर लागले. मला तिथं तुझ्या आजानं नेलं होतं, भर पावसात. त्याला लोक काय म्हणायचे, माहितीय?"

"काय?"

"काहीच नाही. लांबून दिसला की म्हणायचे, 'आला वाटतं.'"

भिकोबा उठून गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा 'कुठेच नाही'ला गेला, बाळांनो. एकदा हेल्मेट घातलं की आतून फार ऐकू येत नाही.

रत्नाकरला मात्र खरंच वाईट वाटलं. तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने जाईच्या बिळापाशी शोकसभा घेतली. सोळा बायकरांनी सायलेन्सर काढून एक मिनिट श्रद्धांजली वाहिली. जाईची उरलेली सहा पिल्लं त्या आवाजाने दिवसभर थरथरत होती.

सभा झाल्यावर रत्नाकर आत्याजवळ आला. "आत्या, चूक आपल्या भाषेची आहे. मागं बसणारीला आपल्याकडं शब्दच नाही. शब्द असता तर हक्क असता. मी तेवीस जंगलांना पत्र लिहितो."

"लिही बाबा. पण पुढच्या महिन्यात अकरा जणी आहेत. तुझा शब्द येईपर्यंत दम धरता का, म्हणून त्यांनाही लिहून विचार."

पत्रं गेली. उत्तरं आली. सगळ्यांत एकच मजकूर होता. 'मागची सीट म्हणजे काय? कृपया चित्र पाठवावे.'

तोवर आत्याने अकरा जणींची बिळं मनात मोजली होती. एक नदीकाठी, एक डोंगरात, दोन बाभूळबनात. हिच्याकडे पोचेपर्यंत तिची वेळ टळणार. अशी एक जागा हवी होती, जिथे सगळ्याजणी आधीच येऊन राहतील.

ती रत्नाकरकडे गेली. "तुमचे बायकर रोज जातात ती जागा कशी आहे रे?"

"कुठेच नाही? रम्य आहे. काहीच नाही तिथं."

"झाड?"

"एक बोर आहे."

"पाणी?"

"झरा आहे. पण तो आम्ही हिशेबात धरत नाही."

"वाटेवर लांडगे?"

"पूर्वी होते. आता फटफट्यांच्या आवाजानं तिकडं फिरकत नाहीत."

"बरं झालं," आत्या म्हणाली.

तिने गाठोडं बांधलं आणि निघाली. या वेळी घाई नव्हती, म्हणून थांबत थांबत नऊ कोस चालायला तिला तीन दिवस लागले. वाटेत सोळा फटफट्या रोज दोनदा तिला ओलांडून गेल्या. तिने एकदाही पंजा वर केला नाही. बायकरांना ते जरा लागलं.

माळावर पोचून ती बोरीखाली बसली आणि टिटवीला सांगितलं, "जंगलभर ओरड. ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांनी आतापासूनच इकडं यावं. सावकाश चालत यावं. मी आता कुणाकडं जात नाही."

अकराही जणी आल्या. वाट लांडग्यांपासून मोकळी होती. त्यांच्यामागून त्यांच्या सासवा आल्या, कारण सुनांना एकटं कसं सोडायचं? सासवांमागून नवरे आले, कारण घरी स्वयंपाक कोण करणार? बाळंतिणींना मध लागतो, म्हणून भिकोबाची बायको डोक्यावर मडकं घेऊन आली आणि तिथेच राहिली. कंद आले. घोरपडीने चहाचं दुकान टाकलं. पिल्लं झाली, त्यांना शाळा हवी म्हणून एक म्हातारा बगळा आला. बगळ्याला दिसत नव्हतं म्हणून घुबडं चष्मे घेऊन आली. पुढच्या मोसमात तिथे नऊशे बिळं होती. आत्या एका बिळातून निघायची आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्यात शिरायची. त्या मोसमात एकही पिल्लू गेलं नाही.

पाटी तशीच होती. 'कुठेच नाही.' पत्ता म्हणून लोक तोच सांगायचे. कुठं राहता? कुठेच नाही, बोरीच्या मागं, तिसरं बीळ.

बायकरांची पंचाईत झाली.

ते आले की पिल्लं आडवी यायची. घोरपड बोलवायची, "चहा घेऊन जा." भिकोबाची बायको सगळ्यांसमोर विचारायची, "आलास? मग एवढं मडकं आत ठेव." रत्नाकरने पाटीजवळ उभं राहून चारही दिशांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मित्रहो," तो म्हणाला, "हे आता कुठंतरी झालंय."

पुन्हा समिती नेमली. पुन्हा महिनाभर शोध झाला. असं ठिकाण हवं होतं जिथे कुणी राहत नाही, कुणी बोलवत नाही, कुणाचं काही काम नाही. आणि समितीला ते सापडलं. पहिल्यापेक्षा कितीतरी शुद्ध.

ते जुनं जंगल होतं. तिथे आता कुणीच नव्हतं. जेवायला-झोपायला बायकरही आता माळावरच असायचे.

मग बायकर तिकडे जाऊ लागले. नऊ कोस उलट्या दिशेने. वाटा अजून होत्या तशाच होत्या, प्रत्येक वाट कुणाच्या तरी दारात संपणारी. पण दारं बंद होती. कुणी चहा ठेवत नव्हतं. सासुरवाडीच्या वळणाला फटफटी वळली तरी आता चालत होतं. रत्नाकर म्हणाला, इतकं शुद्ध नुसतं जाणं तेवीस जंगलांत कुठंही नसेल.

एका रविवारी भिकोबा असाच नुसता निघाला आणि एका गुहेपुढे येऊन थांबला. फटफटी बंद केली. हेल्मेट काढलं. ती त्याचीच गुहा होती. दारात जाळी वाढली होती. आत कुणी नव्हतं. तो कान देऊन उभा राहिला.

"हलू नका," मागून रत्नाकर म्हणाला. त्याच्याकडे कॅमेरा होता. त्याने फोटो काढला, खाली लिहिलं, 'एक खरा बायकर, कुठेच नाही', आणि तो तेवीस जंगलांना पाठवला.

तेवीसही जंगलांतून उत्तर आलं. फोटो फार आवडल्याचं सगळ्यांनी लिहिलं होतं. जागा अप्रतिम आहे, आम्हालाही तिथे यायला आवडेल. फक्त एकाने, बहुधा जैतुणांच्या जंगलातल्या एका म्हाताऱ्या गाढवाने, खाली बारीक अक्षरांत विचारलं होतं की, हे गृहस्थ कुणाची वाट पाहत आहेत?

रत्नाकरने ते पत्र भिकोबाला दाखवलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, ज्याला काम असतं त्याला लोक हाक मारतात, आणि हाक मारली की थांबावं लागतं. म्हणून मोठे झालात की आधी एखादं चांगलंसं नाव घ्या. ते लांबचं असेल तर उत्तम. मग जंगलात कुणाचं काहीही अडलं तरी तुमचं काही अडणार नाही.